वेंधळेपणा नक्की कोणाचा?
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी ‘आधुनिक स्त्री आणि शिक्षण’ असा भारदस्त विषय सुचविला होता. मी म्हटले, बाई, शिक्षणावर बोलणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. शिक्षणासाठी रोज सकाळी डबा भरून देणाऱ्या आपण. तेव्हा आपण डब्याच्या बाजूने बोलावे हे बरे. त्या हसल्या आणि ‘हो’ म्हणाल्या. म्हणून आज मी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीच्या रोजच्या फजित्यांविषयी आणि आमच्या कुटुंबाने काढलेल्या मुंबईच्या एका सहलीविषयी बोलणार आहे. विषय हलका वाटेल. पण या हलक्या गोष्टींपायी एका मुलीचे शिक्षण थांबण्याची वेळ आली होती, एवढे आधीच सांगून ठेवते.

माझी भाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी, दोन वर्षांपूर्वी चिपळूणहून आमच्याकडे डोंबिवलीला शिकायला आली. फोर्टातल्या एका कॉलेजात तिला विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला. डोंबिवलीपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अठ्ठेचाळीस किलोमीटर. घरातून निघाल्यापासून वर्गात बसेपर्यंत दीड तास, आणि परत येताना तितकाच. वर्षाचे दोनशे दिवस कॉलेज धरले तर हे सहाशे तास होतात. म्हणजे वर्षातले पंचवीस दिवस आणि पंचवीस रात्री ही मुलगी नुसती वाटेत असते! हा हिशेब मी एकदा वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे मांडला आणि माझे मलाच नवल वाटले. एवढा काळ जो घराबाहेर काढील त्याच्या हातून काही सांडणार, काही हरवणार, काही चुकणार, हे उघड आहे. पण घरात बसून हिशेब तपासणाऱ्यांना ते उघड दिसत नाही.

पहिली फजिती आमटीची. त्या दिवशी डब्याचे झाकण नीट बसले नव्हते की गर्दीत ते निघाले, देव जाणे. दादरपर्यंत आमटी पिशवीत उतरली आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीची अकरा पाने पिवळी झाली. वही तपासणाऱ्या बाईंनी विचारले, “हा कोणत्या द्रव्याचा डाग?” ही बिचारी खरे बोलली, “चिंचगुळाची आमटी.” वर्ग हसला. बाईही हसल्या असाव्यात, पण अकरा पाने पुन्हा लिहून आणायला सांगितली. त्या रात्री ती एक वाजेपर्यंत लिहीत बसली होती.

दुसरी फजिती पासाची. रेल्वेचा तिचा तिमाही पास रविवारी संपला. रविवारी कॉलेज नसते, त्यामुळे तारीख लक्षातून गेली आणि सोमवारी तपासनिसाने हटकले. किमान दंड अडीचशे रुपये आणि वर भाडे. हिच्याजवळ होते साठ. एका वर्गमैत्रिणीने पैसे भरले म्हणून सुटका झाली. संध्याकाळी घरी आल्यावर आमच्या यजमानांनी तिला पैशाचे मोल आणि जबाबदारी या विषयांवर अर्धा तास बौद्धिक घेतले.

तिसरी फजिती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सहामाही परीक्षेचे दिवस होते. रात्री जागरण, दिवसा पेपर. परतताना तिला बदलापूर गाडीत बसायला जागा मिळाली आणि बसल्याबसल्या डोळा लागला. डोंबिवली गेली, कल्याण गेले, आणि जाग आली ती थेट बदलापूरला, गाडी रिकामी होताना. रात्रीचे साडेनऊ झालेले. मोबाइलची बॅटरी संपलेली. शेजारच्या एका बाईंनी आपला फोन देऊ केला. पण मैत्रिणींनो, फोन हातात आला तरी नंबर कोणाला पाठ असतो? आमचे सगळ्यांचे नंबर तिच्या फोनच्या पोटात आणि फोन झोपलेला! तिला एकच नंबर तोंडपाठ होता, तो तिच्या वडिलांचा, शाळेत असताना घोकलेला. तेव्हा मी इथे डोंबिवलीत दाराशी येरझारा घालीत असताना, मुलगी बदलापूरला आहे ही बातमी आधी चिपळूणला गेली आणि तिथून ती आमच्याकडे आली. त्या परक्या बाईंनी तिला परतीच्या गाडीत बसवून दिले आणि सव्वादहाला ती सुखरूप घरी पोहोचली. त्या बाईंचे नाव विचारायचे राहूनच गेले. पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दादाने त्या रात्री फोनवर एवढेच म्हटले, “हे तिला झेपत नाही. दिवाळीला येतो आणि घेऊनच जातो. इथे काय कॉलेजे नाहीत?” आमच्या ह्यांनीही मान डोलावली. मुलगी ताटावरून न जेवता उठली.

इथे मला थोडे थांबून एक गोष्ट विचारायची आहे. माझा स्वतःचा मुलगा पुण्यात वसतिगृहात राहून शिकला. चार वर्षांत त्याने दोन मोबाइल हरवले, एकदा परीक्षेचे प्रवेशपत्र खोलीवर विसरून परत धावत गेला, आणि एकदा तर मुंबईला यायचे म्हणून निघाला तो सोलापूरच्या गाडीत बसला. त्या प्रत्येक वेळी घरात काय म्हटले गेले? “असू दे, त्यातूनच शिकतो माणूस.” मुलगा धडपडला की तो अनुभव, आणि मुलगी धडपडली की ‘तिला झेपत नाही’. वेंधळेपणा तोच, फक्त त्याच्या पावतीवरचे नाव निराळे. आपल्यापैकी प्रत्येकीने घरी जाऊन आपल्या घरातली पावतीपुस्तके एकदा चाळून पाहावीत.

मुलीच्या वाटेवरच्या अडचणी ही काही आजची गोष्ट नव्हे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेणमाती टाकीत. त्या पिशवीत दुसरे लुगडे घेऊन निघत आणि शाळेत पोहोचल्यावर बदलीत, असे सांगतात. वाट वाईट म्हणून सावित्रीबाई घरी बसल्या नाहीत, त्यांनी पिशवीत एक लुगडे जास्त ठेवले. माझ्या आजच्या भाषणाचे सार खरे म्हणजे एवढेच आहे. पण सहलीची गंमत राहिली आहे, ती ऐकाच.

दिवाळीला दादा, वहिनी आणि त्यांचा नऊ वर्षांचा धाकटा असे तिघेही आले. भाचीने एकच विनंती केली, “बाबा, मला न्यायचे तर न्या. पण एकदा माझे कॉलेज कुठे आहे ते तरी बघा.” माझ्या सासूबाईंनी लगेच उचलून धरले. त्यांचे लहानपण गिरगावात गेलेले, आणि मुंबई पाहून त्यांना कित्येक वर्षे झाली होती. ठरले, रविवारी सर्वांनी मुंबईला जायचे. सात माणसे, दोन डबे, एक पाण्याची पिशवी आणि सासूबाईंची औषधे.

भाचीने शनिवारीच वर्तमानपत्र पाहून सांगितले, “उद्या मेगाब्लॉक आहे. आठच्या आत निघू, नाहीतर अडकू.” आमच्या ह्यांची नोकरी इथल्याच एमआयडीसीत, त्यामुळे रेल्वेशी त्यांचा संबंध नावाचा. तरी ते म्हणाले, “रविवारी गाड्या रिकाम्या असतात, निघू निवांत.” शेवटी सासूबाईंनी सहालाच चहा टाकून प्रश्न मिटविला.

फलाटावर भाचीने सर्वांना नियम सांगितला. “चढताना फाटाफूट झाली तर जो चढला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरायचे आणि तिथेच उभे राहायचे. मागे राहिलेले पुढच्या गाडीने तिथे येतील. कोणीही उलटे यायचे नाही.” दादा म्हणाला, “आम्ही काय लहान आहोत?” गाडी आली. दादा मुलाचा हात धरून चढला. त्याच क्षणी सासूबाईंच्या पायातली चप्पल निसटली, त्या थांबल्या, आम्ही थांबलो आणि गाडी निघाली. आम्ही पाच खाली, दोघे वर.

आम्ही मागच्या गाडीने कोपरला उतरलो. दादा नाही! नियम सांगितलेला असूनही तो कोपरला उतरून, जिना ओलांडून, उलट्या गाडीने आम्हाला शोधायला डोंबिवलीला गेला होता. तेवढ्यात वहिनींच्या पर्समध्ये फोन वाजला. पाहतो तो दादाचाच फोन, त्याने सकाळी सांभाळायला दिलेला. उचलला तर पलीकडून दादाचाच आवाज! डोंबिवलीच्या फलाटावर एका सद्गृहस्थाचा फोन मागून त्याने त्याला पाठ असलेला एकमेव नंबर लावला होता, आणि तो नंबर होता त्याचा स्वतःचा. वहिनींनी फोन मुलीच्या हातात दिला. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, तिथेच थांबू नका, आता पुढच्या गाडीने कोपरला या. आम्ही तिकीटखिडकीच्या बाजूला उभ्या आहोत.” तिने दुसरा शब्द काढला नाही. बदलापूरची आठवण करून देण्याची एवढी सुवर्णसंधी मी तरी सोडली नसती.

या सगळ्यात चाळीस मिनिटे गेली, पण मेगाब्लॉक सुरू होण्याच्या आत आम्ही मुंबईला पोहोचलो, ते केवळ सहाच्या चहामुळे.

टर्मिनसच्या बाहेर आल्यावर भाचीने आम्हाला समोरच्या बाजूला नेऊन उभे केले. ज्या इमारतीतून आपण मुंडी खाली घालून बाहेर पडतो, ती कशी आहे हे पाहायला रस्ता ओलांडून पलीकडे जावे लागते. १८७८ साली काम सुरू झाले आणि १८८८ मध्ये पुरे झाले. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. पण पुढची गोष्ट मला अधिक आवडली. दगडातले पशुपक्षी, वेलबुट्टी, लोखंडी जाळ्या यांच्या नक्षीकामाला मुंबईच्याच कलाशाळेतल्या, म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या, विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत. २००४ साली जागतिक वारसा म्हणून जी इमारत गणली गेली तिच्यावर विद्यार्थ्यांचे हात आहेत! त्यांच्याही हातून शिकताना एखाद्या पोपटाची चोच तुटली असेल, दगड वाया गेला असेल. त्यांना कोणी घरी नेले नाही, म्हणून आज आपण पाहतो आहोत. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे. सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला, हे ऐकल्यावर धाकट्याने वाघाच्या बाजूने उभे राहून फोटो काढून घेतला.

त्याच जागेजवळून, बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी आगगाडी धावली. एकवीस मैलांचे अंतर. त्या गाडीने पाहुणे समारंभाने गेले. आज त्याच वाटेवर आपल्या मुली सकाळी सव्वासातला एका पायावर उभ्या राहून जातात आणि त्यांच्यासाठी कोणी बँड वाजवीत नाही.

तिथून आम्ही बसने हुतात्मा चौकात उतरलो. सासूबाईंना ट्राम आठवली. लहानपणी त्या वडिलांबरोबर ट्रामने येत. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. कारंजे १८६४ चे, आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार, ते स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला होता. सासूबाई स्मारकापाशी पदर सावरून हात जोडून उभ्या राहिल्या. धाकट्याने विचारले, “आजी, हा देव आहे का?” त्या म्हणाल्या, “नाही रे. माणसे होती. म्हणून तर नमस्कार करायचा.”

पुढे ओव्हल मैदानाच्या कडेने जाताना राजाबाई टॉवर दिसतो. ८५ मीटर उंच, १८७८ साली पुरा झालेला. आराखडा काढणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नव्हते, विलायतेत बसून त्यांनी तो काढला. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आणि अट घातली ती आईचे नाव देण्याची. त्यांची आई राजाबाई दृष्टीने अधू होती. जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचे, तर वेळ कळावी म्हणून हे टोले, असे सांगतात. मैत्रिणींनो, विद्यापीठाच्या डोक्यावर सर्वांत उंच नाव आहे ते एका आईचे! आणि त्या नावाखालून शिकायला जाणाऱ्या मुलीला आपण म्हणतो, तुला झेपत नाही.

उन्हे चढली तेव्हा डबे खायला आम्ही एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर गेलो. १८३३ साली टाउन हॉल म्हणून बांधून झालेली ती इमारत. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षे तिथल्या ग्रंथालयात वाचीत बसत, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या ज्या निर्भयपणे बोलल्या, त्यामागे या पायऱ्या रोज चढण्याची सवय असावी, असे मला आपले वाटते.

तिथे एक लहानसा प्रसंग घडला, आणि माझ्या मते सगळी सहल त्याच्यासाठीच होती. वहिनींनी लेकीला पाणी दिले. तिने ओठ ओले केले आणि बाटली ठेवली. “अगं, एवढ्या उन्हात एवढेच?” ती सहज म्हणाली, “सवय झाली, आई. गाडीत तासभर अडकायचे, उतरल्यावर बायकांची जागा जवळ असतेच असे नाही, असली तर स्वच्छ असतेच असे नाही. सकाळी पाणी कमीच पिते.” मग तिने बोटांनी दाखवीत सांगितले, फोर्टात कुठल्या कोपऱ्यावर बायकांची सोय आहे, कुठली रविवारी बंद असते, कुठे आतून कडी लागत नाही. तीन महिन्यांत तिने सगळा नकाशा पाठ केला होता. आम्हा तिघीजणींना तिने सकाळपासून दोनदा योग्य वेळी योग्य ठिकाणी कसे नेले, ते तेव्हा आमच्या ध्यानात आले.

मुंबईत बायकांच्या या सोयीसाठी २०११ सालापासून चळवळ चालू आहे. तिच्या नावाला लाजण्याचे कारण नाही. आपण मंडळात हळदीकुंकवाला जमतो, तेव्हा या विषयावर एक शब्द निघत नाही. डॉक्टर मात्र सांगतात की कमी पाणी पिऊन आणि लघवी तुंबवून धरून मुलींना मूत्रमार्गाचे विकार जडतात. वेंधळेपणाची यादी आपण पाठ करतो. मुलगी दिवसभर तहानलेली राहते, हे मात्र आपल्या कोणाच्याच यादीत नव्हते.

वहिनी काही बोलल्या नाहीत. दादाने डबा बंद केला आणि विचारले, “तुझी प्रयोगशाळा कुठली ग?” तिने जाताना रस्त्यावरून ती खिडकी दाखविली. दादा बराच वेळ वर पाहत उभा राहिला.

दुपारनंतर गेटवेला गेलो. पंचम जॉर्ज १९११ साली आले त्याची ही आठवण, पण राजेसाहेबांना पाहायला मिळाली ती पुठ्ठ्याची कमान. पाया घातला १९१३ त, आणि दगडी कमान पुरी व्हायला १९२४ उजाडले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटचे ब्रिटिश सैनिक याच कमानीखालून गेले. समोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ चा. दादा हे सगळे मुलाला मोठ्या उत्साहाने समजावून देत होता. मुलाने होडी करायला कागद मागितला. दादाने बोलण्याच्या भरात खिशात हात घातला आणि हाताला आला तो कागद दिला. होडी छान झाली आणि भिंतीवरून पाण्यात सोडली. ती सात माणसांच्या परतीच्या तिकिटाची होती, हे आम्हाला टर्मिनसवर कळले!

दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमचे हे मात्र मोठ्याने म्हणाले, “जबाबदारीची जाणीव पाहिजे हो!” आणि मग स्वतःच गप्प झाले, कारण पासाच्या दिवशीचे बौद्धिक सगळ्यांनाच आठवले असावे. भाची रांगेत जाऊन नवी तिकिटे घेऊन आली. त्याआधी गेटवेहून टर्मिनसपर्यंत तिने सासूबाईंना दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर बसवून आणले होते. जुन्या डिझेलच्या दुमजली गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आता विजेवर चालणाऱ्या थंड हवेच्या दुमजली गाड्या आहेत. सासूबाई म्हणाल्या, “वारा लागत नाही एवढेच, बाकी मुंबई तीच.”

परतीच्या गाडीत दादा खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटत होता. मला वाटले, रामरक्षा म्हणतोय. कान दिला तर आमच्या घरचे चार मोबाइल नंबर पाठ करीत होता. डोंबिवलीला उतरल्यावर तो एवढेच म्हणाला, “वर्ष पुरे होऊ दे. मग बघू.” ते वर्ष पुरे झाले, दुसरेही चालू आहे. ‘मग’ अजून उजाडलेले नाही आणि कोणी त्याची आठवणही काढीत नाही.

आता या सगळ्यातून आमच्या घरात जे नियम झाले ते सांगते. घरातले दोन नंबर प्रत्येकाला पाठ, आणि शिवाय एका चिठ्ठीवर लिहून पर्सच्या कप्प्यात. पासाची शेवटची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लाल शाईने. वहीच्या पिशवीत रसभाजी आणि आमटी नाही. कोरडी भाजी, पोळी, दह्याची घट्ट झाकणाची डबी, आणि डबा निराळ्या पिशवीत. गर्दीत फाटाफूट झाली तर काय करायचे हे घरून निघतानाच ठरवायचे. सहलीला निघण्याआधी ठिकाण कोणत्या वारी बंद असते ते विचारायचे. राणीची बाग बुधवारी बंद आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद, हे ठाऊक नसल्याने मुलांना दारातून रडत परत आणणारी कुटुंबे पुष्कळ पाहिली आहेत.

आणि एक कायदा प्रत्येकीने लक्षात ठेवावा. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १३९ असे सांगते की, बरोबर पुरुष प्रवासी नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला, तिकीट किंवा पास नसला तरी, वाटेल त्या स्थानकावर गाडीतून उतरविता येत नाही. प्रवास सुरू झाला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणचे स्थानक, इथेच उतरविता येते, आणि तेही फक्त दिवसा. याचा अर्थ बिनतिकीट फिरावे असा नव्हे, दंड भरावाच लागतो. पण रात्री आडस्थानकावर मुलीला कोणी ‘उतर’ म्हटले तर तिला आपला हक्क ठाऊक असावा. रेल्वेच्या मदतीचा दूरध्वनीही योगायोगाने १३९ च आहे. पोलिसांसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८. हे तीन आकडे मुलींना पाढ्यांबरोबर शिकवा.

शेवटी मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, आपली वार्षिक सहल या वर्षी देवदर्शनाऐवजी मुंबईतच काढावी, आणि तिचे पुढारीपण आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींकडे द्यावे. आपण त्यांच्या मागून चालावे. त्या काय पाहतात, कुठे थांबतात, कशाला घाबरतात, ते एका दिवसात आपल्याला कळेल. वर्षभर दारात उभे राहून ते कळत नाही. दुसरी सूचना, आपल्या स्टेशनवरची आणि बाजारपेठेतली बायकांची स्वच्छतागृहे पाहून त्यांची एक यादी मंडळाने करावी, आणि जिथे दिवा, पाणी किंवा कडी नाही तिथे संबंधितांकडे लेखी अर्ज करावा. एक अर्ज केराच्या टोपलीत जाईल. शंभर सह्यांचा अर्ज टोपलीत मावत नाही.

आपल्या मुली घराबाहेर पडल्या म्हणजे त्यांच्या हातून डबा सांडेल, छत्री हरवेल, गाडी चुकेल. ते व्हायचेच. त्यांना घरी बोलावून घेण्याऐवजी आपण त्यांच्या पिशवीत एक जास्तीचे लुगडे ठेवू या. आजच्या काळात ते लुगडे म्हणजे एक चिठ्ठी, शंभराची एक नोट आणि घरच्यांचा विश्वास.